तेच आयोडीन: अणुतंत्रज्ञानाचे भवितव्य ठरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
अणुकार्यक्रम आखणारे मंत्री आणि अधिकारी, त्यावर देखरेख ठेवणारे नियामक, आणि प्रत्यक्ष भट्ट्यांपाशी काम करणारे शास्त्रज्ञ व अभियंते यांस,

स. न. वि. वि.

मी शास्त्रज्ञ नाही. तुमच्या विषयाशी माझा संबंध आला तो एका कॅप्सूलमुळे. मला थायरॉइडचा कर्करोग झाला, शस्त्रक्रिया झाली, आणि गळ्यात उरलेल्या पेशी नष्ट करण्यासाठी डॉक्टरांनी किरणोत्सारी आयोडीन द्यायचे ठरवले. ती कॅप्सूल शिशाच्या जाड डबीतून आली. हात न लावता, छोट्या पेल्यातून थेट तोंडात टाकायची, वर पाणी प्यायचे. मी गिळली आणि खोलीतले सगळे बाहेर गेले. दार लागले. पुढचे काही दिवस त्या खोलीतला किरणोत्साराचा उगम म्हणजे मीच होते.

रोज सकाळी रुग्णालयातला भौतिकशास्त्रज्ञ दाराशी यायचा. ठरलेल्या अंतरावर उभा राहून यंत्र माझ्या दिशेने धरायचा आणि आकडा वहीत उतरवायचा. आकडा रोज खाली यायचा. त्याने मला हिशेब समजावून सांगितला होता. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य आठ दिवसांचे. आठ दिवसांत निम्मे, सोळा दिवसांत पाव, ऐंशी दिवसांत साधारण हजारावा भाग. शरीर तर ते त्याहून लवकर बाहेर टाकते, म्हणून भरपूर पाणी प्यायचे. त्या खोलीत करण्यासारखे दुसरे काहीच नव्हते. मी भिंतीकडे बघत निम्म्याचे निम्मे करत बसायचे.

जेवण आणणारी बाई ताट उंबऱ्याबाहेर ठेवायची आणि अक्षरशः पळायची. तिला फक्त एवढेच सांगितलेले होते की त्या खोलीत जायचे नाही. का नाही, किती वेळ नाही, किती जवळ नाही, हे कुणी सांगितले नव्हते. तिसऱ्या दिवशी त्या भौतिकशास्त्रज्ञाने तिला थांबवले आणि यंत्रच तिच्या हातात दिले. "इथे आकडा बघा. आता दोन पावलं मागे या. आता बघा." ती मागे गेली, पुढे आली, पुन्हा मागे गेली. आकडा कसा झपाट्याने उतरतो ते तिने स्वतः पाहिले. दुसऱ्या दिवशी तिने ताट आत आणून टेबलावर ठेवले, "बरं वाटतंय का ताई?" विचारले, आणि सांगितलेल्या वेळात निघून गेली. आदल्या दिवसापर्यंत ती नुसती घाबरत होती. आता ती काळजी घेत होती.

तुम्हाला जे सांगायचे आहे ते सगळे या प्रसंगात आहे. पण एका रुग्णाच्या अनुभवावरून जगाचे धोरण ठरत नाही हे मला कळते. म्हणून घरी आल्यावर मी वाचायला लागले, आणि पहिल्याच आठवड्यात मला माझेच औषध भेटले, वेगळ्या रूपात.

२६ एप्रिल १९८६ रोजी तेव्हाच्या सोव्हिएत युक्रेनमधल्या चेर्नोबिल अणुवीज केंद्राची चौथी भट्टी फुटली. हवेत जे काही उडाले त्यात आयोडीन-१३१ भरपूर होते. ते गवतावर बसले. गाय दिवसभर मोठ्या कुरणावर चरते, त्यामुळे त्या कुरणभर विखुरलेले आयोडीन तिच्या दुधात एकवटते. लहान मुले दूध जास्त पितात आणि त्यांची थायरॉइड ग्रंथी इवलीशी असते, म्हणजे तेवढ्याच आयोडीनचा मारा कमी उतीवर पडतो. त्या भागातल्या मुलांच्या आहारात मुळातच आयोडीन कमी होते, त्यामुळे ग्रंथीने मिळेल ते अधाशासारखे ओढून घेतले. संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीच्या नोंदीनुसार, अपघाताच्या वेळी अठरा वर्षांखाली असलेल्यांमध्ये २००५ पर्यंत थायरॉइड कर्करोगाचे ६,००० हून अधिक रुग्ण आढळले. त्यांतल्या मोठ्या हिश्श्यामागे हे दूषित दूध असावे, असे समितीने २००८ च्या अहवालात म्हटले होते. १५ जण तोवर दगावले होते.

आता माझा आठ दिवसांचा हिशेब इथे लावून बघा. ते दूध मुलांना दिले नसते, त्याची भुकटी करून तीन महिने बाजूला ठेवली असती, तर त्यातले आयोडीन जवळजवळ संपलेले असते. यासाठी यंत्र लागत नव्हते, नवे संशोधन लागत नव्हते. कुणीतरी वेळेवर सांगायला हवे होते. शेजारच्या प्रिप्यात शहरातले लोक दुसऱ्या दिवशी दुपारी हलवले गेले, पण बाकीच्या जगाला ही बातमी मॉस्कोकडून कळलीच नाही. २८ एप्रिलच्या सकाळी स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुवीज केंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांवर किरणोत्सार आढळला, तेव्हा सुमारे ११०० किलोमीटर अंतरावरच्या त्या लोकांनी शोध घेतला. त्या दिवशी संध्याकाळी सोव्हिएत दूरचित्रवाणीवर चार ओळींचे निवेदन आले. १ मे रोजी कीव्हमध्ये मिरवणूक ठरल्याप्रमाणे निघाली, मुले रस्त्यावर होती. पोलंडने मात्र २९ एप्रिलपासूनच साध्या, किरणोत्सार नसलेल्या आयोडीनचे द्रावण वाटायला घेतले. सुमारे एक कोटी मुलांना ते मिळाले. ग्रंथी आधीच साध्या आयोडीनने भरली की किरणोत्सारी आयोडीनला जागा उरत नाही.

तेच मूलद्रव्य, तेच अर्धायुष्य, तीच ग्रंथी. मला त्याने जगवले आणि त्या मुलांना आजारी पाडले. माझ्या बाबतीत मात्रा मोजलेली होती, दार बंद होते, आणि काय चालले आहे ते मला सांगितलेले होते. अणुतंत्रज्ञानाच्या पुढच्या शंभर वर्षांबद्दल बोलताना तुम्ही भट्ट्यांच्या नव्या पिढ्यांबद्दल बोलता. माझे मागणे असे की या तीन गोष्टींबद्दल, मोजणे, बंद ठेवणे आणि सांगणे, तेवढ्याच गांभीर्याने बोला. त्यातही सांगण्याबद्दल, कारण पहिल्या दोन गोष्टींमध्ये तुम्ही हुशार आहात आणि तिसरीत तुमचा इतिहास चांगला नाही.

मी विरोधक म्हणून लिहीत नाही, हे आधीच स्पष्ट करते. मला अणुवीज हवी आहे. हवामानबदलावरच्या आंतरशासकीय समितीने २०१४ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार, युरेनियमच्या खाणीपासून बंद भट्टीच्या मोडतोडीपर्यंतचा सगळा हिशेब धरून, अणुवीजेच्या एका युनिटमागे साधारण १२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड पडतो आणि कोळशाच्या युनिटमागे ८२०. वातावरणाची आजची अवस्था बघता एवढा फरक बाजूला सारणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. १९९० च्या दशकाच्या मध्यात जगातली सुमारे सतरा टक्के वीज अणूपासून येत होती, आता ती नऊ टक्क्यांच्या आसपास आहे. २०२३ मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत वीसहून अधिक देशांनी २०५० पर्यंत अणुवीजेची क्षमता तिप्पट करण्याचे जाहीर केले. करा. पण तिप्पट भट्ट्यांसोबत तिप्पट कचरा, तिप्पट जबाबदारीची वर्षे आणि तिप्पट प्रश्नही येणार. त्या जाहीरनाम्यांच्या ओळींमध्ये मी ताट आणणाऱ्या बाईसाठी लिहिलेले एक वाक्य शोधते आणि मला सापडत नाही.

किती वर्षांची जबाबदारी, ते एका उदाहरणावरून सांगते. ब्रिटनमधले कॅल्डर हॉल अणुवीज केंद्र १९५६ साली सुरू झाले आणि २००३ मध्ये बंद झाले. सत्तेचाळीस वर्षे वीज. ते ज्या सेलाफील्डच्या आवारात आहे, तिथल्या सगळ्या जुन्या इमारती आणि तळी साफ करण्याचा कार्यक्रम २१२५ पर्यंत चालेल, असा अंदाज आहे. ज्यांनी त्या भट्टीचे उद्घाटन पाहिले त्यांच्या पणतवंडांच्याही पुढची पिढी ते काम संपवेल. सुरुवातीच्या घाईत कुठल्या तळ्यात काय टाकले याच्या पुरेशा नोंदी ठेवल्या नाहीत, हेही त्या कामाला एवढा वेळ लागण्याचे एक कारण आहे.

जर्मनीतल्या आस्से या जुन्या मिठाच्या खाणीत तर याहून वाईट झाले. १९६७ ते १९७८ या काळात तिथे 'संशोधन' म्हणून कमी आणि मध्यम किरणोत्साराच्या कचऱ्याची सुमारे १,२६,००० पिंपे उतरवली गेली. शेवटी शेवटी ती नीट रचायचेही सोडून दिले होते, मिठाच्या उतारावरून नुसती ढकलून दिली जात. मीठ कोरडे राहते या भरवशावर निवडलेल्या त्या खाणीत पाणी झिरपते आहे. २०१३ मध्ये कायदा करून ती सगळी पिंपे परत वर काढायचे ठरले. ज्यांनी ती खाली ढकलली त्यांतल्या कुणावर हे काम पडणार नाही. ते पडेल त्या वेळी जन्मलेही नव्हते अशा माणसांवर.

याउलट फिनलंडचे उदाहरण मला वारंवार आठवते. ओल्किलुओतो बेटावर, सुमारे १९० कोटी वर्षे जुन्या खडकात, ४०० मीटरहून खोल बोगदे खणून तिथे वापरलेले इंधन कायमचे ठेवण्याची जागा तयार झाली आहे. तिचे नाव ओन्कालो. इंधन लोखंडाच्या गाभ्यात, त्यावर तांब्याचे जाड कवच, भोवती पाणी लागले की फुगणारी बेंटोनाइट माती, आणि मग खडक. हे अभियांत्रिकीचे वैशिष्ट्य झाले. मला महत्त्वाचे वाटते ते असे, की फिनलंडच्या कायद्यात स्थानिक नगरपालिकेला नकार देण्याचा पूर्ण अधिकार होता आणि युराजोकीच्या नगरपालिकेने तो असूनही होकार दिला. स्वीडनमध्येही तसेच झाले. तिथली जागा फोर्समार्कची, म्हणजे ज्या केंद्राने १९८६ मध्ये जगाला जागे केले त्याच्या शेजारची. योगायोग असेल, पण ज्या लोकांना खरे सांगितले जाते तेच असा कचरा शेजारी ठेवायला तयार होतात, असे मला वाटते. अमेरिकेत १९८७ मध्ये संसदेने नेवाडा राज्याच्या विरोधाला न जुमानता युक्का पर्वताची एकमेव जागा म्हणून निवड केली. अब्जावधी डॉलर खर्च झाले, आणि आज तिथे एकही कचऱ्याचे पिंप नाही. नाही म्हणायचा हक्क ज्यांना दिला नाही त्यांनी तो घेतला.

खडकावर माझा विश्वास बसण्याचे आणखी एक कारण आहे. आफ्रिकेतल्या गॅबॉन देशात ओक्लो येथे १९७२ मध्ये असे उघडकीस आले की तिथल्या युरेनियममध्ये विखंडनक्षम समस्थानिक, म्हणजे भट्टीत फुटून ऊर्जा देणारा युरेनियमचा प्रकार, असायला हवा त्यापेक्षा थोडा कमी आहे. शोध घेतल्यावर कळले की सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी जमिनीखाली निसर्गानेच अणुभट्ट्या पेटवल्या होत्या. पाणी मंदक म्हणून काम करी, म्हणजे न्यूट्रॉनचा वेग कमी करून भट्टी चालू ठेवी, मग उष्णतेने उकळून जाई, भट्टी थंडावे, पाणी परत येई. आणि त्यांचा कचरा? त्यातले बरेचसे जड घटक इतक्या काळात जागचे फारसे हललेले नाहीत. कुणी पहारा दिला नव्हता, पेटी बनवली नव्हती. मला त्या रुग्णखोलीत हे माहीत असते तर बरे वाटले असते.

पण खडक टिकतो तशी आठवण टिकत नाही. प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य २४,१०० वर्षे. माणसाला लिहिता येऊ लागून जेमतेम पाच हजार वर्षे झाली. 'इथे खणू नका' हे दहा हजार वर्षांनंतरच्या माणसाला कसे सांगायचे यावर १९८० च्या दशकापासून भाषातज्ज्ञ आणि अभियंते विचार करत आहेत. काट्यांचे दगडी माळरान उभारावे, वेदनेने पिळवटलेले चेहरे कोरावेत, अशा सूचना आल्या. मला त्या वाचताना गलबलून येते, कारण जे आज शेजारच्या गावाला नीट सांगत नाहीत ते दहा हजार वर्षांनंतरच्या अनोळखी माणसाची काळजी करत असतात. ती काळजी खरी आहे. तिची सुरुवात मात्र आजपासून व्हायला हवी.

दहा हजार वर्षे राहू द्या, दोन वर्षांतही माणसे विसरतात. ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात कर्करोगावर किरणोपचार करणारे एक चिकित्सालय १९८५ मध्ये दुसरीकडे हलले आणि सीझियम-१३७ चे एक जुने यंत्र रिकाम्या इमारतीत तसेच राहिले. परवाना देणाऱ्यांना कुणी कळवले नाही. सप्टेंबर १९८७ मध्ये दोघांनी भंगार म्हणून ते काढून नेले, फोडले, विकले. आतली पावडर अंधारात निळी चमकत होती. लोकांनी ती घरी नेली, नातेवाइकांना वाटली, एका सहा वर्षांच्या मुलीने अंगाला लावली. चार माणसे दगावली, त्यांत ती मुलगी होती. २४९ जणांवर किरणोत्सारी पदार्थ आढळला, एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली. तिथे भट्टी नव्हती, बॉम्ब नव्हता. रुग्णांना बरे करणारे यंत्र होते, आणि ते कोणाचे हे कुणाच्या लक्षात राहिले नव्हते. म्हणून मी तुम्हाला विनंती करते: प्रत्येक किरणोत्सारी उगमाला, अगदी लहानातल्या लहानालाही, एक जबाबदार माणूस नेमा आणि तो माणूस गेला, संस्था बुडाली, इमारत विकली तरी जबाबदारी कुणाकडे जाणार हे आधीच लिहून ठेवा. उगम विकत घेतानाच तो परत देण्याचे पैसेही भरून घ्या.

आठवण कशी वाचवते याचेही उदाहरण आहे. ११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर त्सुनामी आली तेव्हा फुकुशिमा दाइइचीच्या आधी, भूकंपाच्या केंद्राच्या अधिक जवळ, ओनागावाचे अणुवीज केंद्र होते. तिथे लाट सुमारे १३ मीटरची आली. ते केंद्र साधारण १४.८ मीटर उंचीवर बांधलेले होते आणि ते वाचले. घरे वाहून गेलेले तीनशेहून अधिक गावकरी केंद्राच्याच आवारात राहायला आले. ही उंची ठरवताना हिराई यानोसुके नावाच्या ज्येष्ठ अभियंत्याने हट्ट धरला होता. सन ८६९ मध्ये त्या किनाऱ्यावर आलेल्या जोगान त्सुनामीची आठवण तो सहकाऱ्यांना देत राहिला. अकराशे वर्षांपूर्वीची लाट. दुसरीकडे फुकुशिमात मूळचा सुमारे ३५ मीटरचा कडा तासून केंद्र १० मीटरवर आणले होते. २००८ मध्ये कंपनीच्या आतल्याच अभ्यासात १५.७ मीटरपर्यंत लाट येऊ शकते असे निघाले. तो आकडा कागदावर राहिला. जपानच्या संसदेने नेमलेल्या चौकशी आयोगाने २०१२ मध्ये हा अपघात मानवनिर्मित असल्याचे म्हटले, आणि नियामक व कंपनी यांचे साटेलोटे त्याच्या मुळाशी असल्याचे नोंदवले.

त्यानंतर जे घडले तेही लक्षात ठेवायला हवे. घाईघाईने, गोंधळात लाखाहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना तासन्तास बसमधून फिरवले गेले. फुकुशिमा प्रांतात स्थलांतराचा ताण, तुटलेले उपचार, एकटेपणा यांमुळे झालेल्या मृत्यूंची अधिकृत संख्या २,३०० हून अधिक आहे. किरणोत्सारामुळे झालेला म्हणून जपान सरकारने मान्य केलेला मृत्यू एका कामगाराचा आहे. 'बघा, किरणोत्सार तेवढा वाईट नाही' असे म्हणण्यासाठी हे आकडे वापरू नका. ती दोन हजार माणसेही अपघातानेच मेली. कुणाला हलवायचे, कुणाला घरातच दारे-खिडक्या लावून ठेवायचे, कुणासोबत डॉक्टर पाठवायचा, हे आधी ठरवून, लोकांशी बोलून, सराव करून ठेवलेले असते तर त्यांतली बरीच वाचली असती. यंत्र हातात घेऊन पावले मोजणारी ती बाई मला इथेही आठवते.

आता रुग्ण म्हणून माझ्या जवळची गोष्ट. जगभरच्या बहुतेक न्यूक्लियर मेडिसिन स्कॅनमध्ये, म्हणजे शरीरात थोडे किरणोत्सारी द्रव्य सोडून काढलेल्या चित्रांमध्ये, टेक्नेशियम-९९एम वापरतात. हाडात पसरलेला कर्करोग, हृदयाचा रक्तपुरवठा, मूत्रपिंडाचे काम, सगळे त्याच्या मदतीने दिसते. त्याचे अर्धायुष्य सहा तास, आणि ते ज्यापासून मिळते त्या मोलिब्डेनम-९९ चे ६६ तास. म्हणजे ते साठवून ठेवता येत नाही, दर आठवड्याला ताजे बनवावे लागते. आणि ते बनते मोजक्या संशोधन भट्ट्यांमध्ये, ज्यांतल्या कित्येक १९५० आणि १९६० च्या दशकांतल्या आहेत. मे २००९ मध्ये कॅनडाची एनआरयू भट्टी, १९५७ मध्ये सुरू झालेली, जड पाण्याच्या गळतीमुळे बंद पडली आणि पंधरा महिने बंद राहिली. मधल्या काळात नेदरलँड्समधली पेटेनची भट्टीही दुरुस्तीसाठी थांबली. जगभर स्कॅन पुढे ढकलले गेले, डॉक्टरांना जुन्या, कमी स्पष्ट पद्धतींकडे वळावे लागले. एनआरयू २०१८ मध्ये कायमची बंद झाली. वीजभट्ट्यांची भाषणे होतात, उद्घाटने होतात. या लहान भट्ट्यांसाठी कुणी रांगेत उभे राहत नाही, कारण त्यांच्या पैशाचे गणित जुळत नाही. ते जुळवणे हे सरकारचे काम आहे. आणि आफ्रिकेतल्या वीसहून अधिक देशांत किरणोपचाराचे एकही यंत्र नाही, असे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थाच सांगते. भविष्याबद्दल बोलताना चंद्रावरच्या अणुभट्टीआधी मला या देशांतल्या रुग्णांचा विचार करावासा वाटतो.

कचरा आणि औषध यांच्यातली रेषाही पक्की नाही. गेल्या शतकाच्या मध्यात भट्ट्यांच्या प्रयोगांसाठी बनवलेले युरेनियम-२३३ अमेरिकेत ओक रिज येथे दशकानुदशके ओझे म्हणून पडून होते. त्याची विल्हेवाट लावताना त्यातून थोरियम-२२९ वेगळे काढतात, आणि त्यापासून ॲक्टिनियम-२२५ मिळते, जे आज कर्करोगावरच्या नव्या उपचारांसाठी जगभर हवे आहे. म्हणून पुरताना नोंद ठेवा. आपण ज्याला निरुपयोगी म्हणतो ते पुढच्यांना लागू शकते, आणि त्यांना ते कुठे आहे हे कळायला हवे.

संलयनाबद्दल, म्हणजे हलके अणू जोडून ऊर्जा मिळवण्याबद्दल, थोडेच लिहिते. डिसेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्नियात लेसरने दिलेल्या २.०५ मेगाज्यूल ऊर्जेतून ३.१५ मेगाज्यूल निघाली तेव्हा मला मनापासून आनंद झाला. पण ते लेसर पेटवायला सुमारे ३०० मेगाज्यूल वीज लागली होती, हे त्याच दमात सांगायला हवे होते आणि बऱ्याच ठिकाणी सांगितले गेले नाही. फ्रान्समधल्या इटर या आंतरराष्ट्रीय संलयन प्रकल्पाच्या वेळापत्रकात ड्युटेरियम-ट्रिटियम या खऱ्या इंधनाचे प्रयोग आता २०३९ वर गेले आहेत. प्रयोग चालू द्या, पैसे द्या, पण त्याच्या भरवशावर आजचे निर्णय लांबवू नका. छोट्या, कारखान्यात बनणाऱ्या भट्ट्यांचेही तसेच. त्या येतील तेव्हा येतील. फिनलंडच्या ओल्किलुओतो-३ चे बांधकाम २००५ मध्ये सुरू झाले, २००९ मध्ये पूर्ण होणार होते, नियमित वीज २०२३ मध्ये मिळाली. त्याआधीच्या बऱ्याच वर्षांत पश्चिम युरोपात भट्ट्या बांधणे जवळजवळ थांबले होते आणि अशा कामातले वेल्डर, निरीक्षक, प्रकल्प सांभाळणारी माणसे पांगली होती. ज्ञान कागदावर असते तेवढेच हातातही असते. तिप्पट भट्ट्या हव्या असतील तर आधी ती माणसे घडवा, आणि त्यांत मोडतोड करणारेही घडवा. कुणालाही भट्टी उतरवणारा व्हायचे नसते, सगळ्यांना उभारणारा व्हायचे असते. त्या कामाला मान आणि पगार द्या.

आणि शस्त्रे. जगात आजही बारा हजारांच्या आसपास अण्वस्त्रे आहेत, नऊ देशांकडे. तुमच्यातले काही जण म्हणतील की हा वेगळा विभाग आहे. सामान्य माणसाच्या मनात तो वेगळा नाही, आणि त्याचे चुकत नाही, कारण युरेनियम समृद्ध करणारे, म्हणजे त्यातला विखंडनक्षम भाग वाढवणारे, यंत्र किती टक्क्यांवर थांबवता एवढ्यावरच वीज आणि शस्त्र वेगळे होतात. हे दोन्ही दिशांनी खरे आहे. १९९३ ते २०१३ या काळात रशियाच्या सुमारे वीस हजार अण्वस्त्रांइतके, ५०० टन शस्त्रयोग्य युरेनियम विरळ करून अमेरिकेच्या वीजभट्ट्यांत जाळले गेले. त्या काळात अमेरिकेतल्या दहातला एक दिवा त्यावर चालत होता. मानवजातीने केलेल्या फार मोठ्या चांगल्या कामांपैकी हे एक आहे आणि ते कुणाला माहीतही नाही. असा दुसरा करार का होऊ शकत नाही, हे तुम्ही आम्हाला सांगायला हवे. हिरोशिमा आणि नागासाकीतून वाचलेल्यांच्या संघटनेला २०२४ चे शांततेचे नोबेल मिळाले. त्या लोकांचे सरासरी वय आता ८५ च्या पुढे आहे. त्यांच्यानंतर 'मी पाहिले आहे' असे म्हणणारे कुणी उरणार नाही. युक्रेनमधल्या झापोरिझ्झिया अणुवीज केंद्राच्या सहा भट्ट्या मार्च २०२२ पासून युद्धाच्या तावडीत आहेत. भट्टी साठ-ऐंशी वर्षे चालते, तेवढ्या काळात सीमा, सरकारे आणि मित्र बदलतात, याचा विचार जागा निवडतानाच करावा लागेल.

माझी मागणी अवघड नाही. पुढच्या कुठल्याही अणुप्रकल्पाची घोषणा कराल तेव्हा पहिल्या पानावर, मेगावॅटच्या आधी, तीन उत्तरे छापा. याचा कचरा कुठे जाणार आणि तिथल्या लोकांना नाही म्हणता येते का. काम संपल्यावर प्रकल्प मोडून साफ करायचे पैसे कुठल्या, हात लावता न येणाऱ्या निधीत ठेवले आहेत. आणि काही बिघडले तर पहिल्या तासात लोकांना कोण सांगणार, त्या व्यक्तीला सांगण्यासाठी वरून परवानगी लागते का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'लागते' असे असेल तर तो प्रकल्प पुढे नेऊ नका, मग तो कितीही आधुनिक असो. नियामकांना विशेष विनंती, की तुमचा पगार, बढती आणि निवृत्तीनंतरची नोकरी ज्यांच्यावर तुम्ही देखरेख ठेवता त्यांच्या हातात असता कामा नये. हे कायद्यात लिहून घ्या, कारण चांगल्या स्वभावावर एवढे मोठे ओझे टाकता येत नाही.

मला दरवर्षी तपासणीला जावे लागते. आतापर्यंतचे निकाल चांगले आहेत. ती जेवण आणणारी बाई अजून तिथेच आहे आणि नव्या रुग्णांना आता तीच सांगते, इथे उभे राहा, इतका वेळ चालेल, घाबरायचे नाही. तुम्ही या पत्राला उत्तर दिलेत तर मी ते तिला वाचून दाखवणार आहे. म्हणून तिला पहिल्या वाचनात कळेल अशा भाषेत लिहावे, एवढी विनंती.

कळावे,

आपली,
किरणोत्साराने बरी झालेली एक रुग्ण